अर्धा डबा

मोठ्या हॉटेलात तीस वर्षं शंभर-शंभर माणसांचं जेवण हातावेगळं करणारी, नुसत्या वासावरून मीठ कमी की जास्त ते सांगणारी ही आचारीण स्वतःच्या बापापुढे मात्र सपशेल हरली होती. बाबा कोळशाच्या खाणीतून कधीच निवृत्त झाले होते आणि आई गेल्यापासून एकटेच राहत होते. डॉक्टरांचा फोन आला, "वजन असंच उतरत राहिलं तर दवाखान्यात ठेवून नळीने भरवावं लागेल," तशी ती रजा टाकून गावी आली आणि आल्या आल्या कंबर कसून शेगडीपुढे उभी राहिली.

पहिल्या दिवशी तिने सूप केलं, मऊ भात केला. बाबांनी बरोबर अर्धं खाल्लं आणि ताटली सरकवली. तिला वाटलं, एवढं वाढलेलं बघूनच त्यांना धसका बसत असेल. दुसऱ्या दिवशी कमी वाढलं. त्यातलंही अर्धं उरलं. मग आणखी कमी. आठवडाभरात ती ताटलीत चिमणीला पुरेल एवढंच वाढू लागली, तरी या गृहस्थांचं आपलं अर्धं शिल्लक!

"आवडलं नाही का, बाबा?"

"फक्कड झालंय."

"मग संपवा की!"

"बास."

डोकं आपटून घ्यावं असं तिला झालं.

खरं तर तिला स्वयंपाकाचं वेड लावलं ते याच माणसाने. लहानपणी खाणीतली पाळी सुटायच्या वेळेला ती गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. खाणीतून माणसं यायची ती सगळी सारखीच काळी, पण बाबा चालण्यावरून ओळखू यायचे. ते डबा तिच्या हातात द्यायचे. आत अर्धा पाव असायचा, त्यात लोणी घालून कुस्करलेला बटाटा, कांदा आणि मिरपूड. गारढोण, कडेला कोळशाची बोटं उमटलेली. त्या चवीला तोड नव्हती. हॉटेलात तिने पाव भाजून पाहिला, धुरावर धरून पाहिला, पण ती चव काही साधली नाही.

फक्त एकदा डबा मोकळा आला होता. बाबांनी लागोपाठ दोन पाळ्या केल्या, एवढंच तिला सांगितलं होतं. सात वर्षांची ती, चिडून तिने डबा पायरीवर आपटला. त्याला कोपऱ्यात पोचा पडला. कधी हात न उगारणाऱ्या आईने तिच्या थोबाडीत मारली, आणि मग तिलाच पोटाशी धरून हमसून हमसून रडली. बाबा म्हणाले, "चुकलं गं माझं. भूक लागली होती."

नवव्या दिवशी दुपारी बाबांचे जुने जोडीदार आले. त्यांना अंधारात दिसतं म्हणून खाणीत सगळे घुबड म्हणायचे. बाबा आत झोपले होते. टेबलावरची ताटली पाहून घुबडकाकांनी कपाळाला हात लावला.

"पोरी, बापाला उपाशी मारतेस का?"

"काका, ते अर्धं ठेवतात म्हणून कमी वाढते."

"ठेवणारच! खाली कुणी डबा पुरता खात नाही. छत कधी बसेल, सांगता येतं का? अडकलो तर तेवढंच अन्न. म्हणून अर्धा राखायचा, आणि सुखरूप वर आलं की तो पोरांचा. चाळीस वर्षं हेच केलं त्याने. हाताला आता तीच सवय."

"एकदा मोकळा आणला होता…" ती म्हणाली.

"त्या दिवशी छत बसलं होतं," काका म्हणाले. "चौघं होतो, नऊ तास. आमचे डबे ढिगाऱ्याखाली गेलेले. तुझ्या बापाने अर्ध्या पावाचे चार तुकडे केले. मी वयाने लहान, म्हणून मोठा मला."

ती हातात डाव घेऊन तशीच उभी राहिली. ज्याला ती बापाचे लाड समजत होती, तो प्रत्येक घास म्हणजे बाप त्या त्या दिवशी जिवंत वर आल्याची खूण होती. आणि ही माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा भरून, एकमेकांची टिंगल करत खाली जायची. तीस वर्षं ती चुलीपुढे राबली, पण त्या चुलीमागे कोण उभं होतं हे तिने कधी विचारलं नव्हतं. तिला घुबडकाकांच्या पाया पडावंसं वाटलं. ते मात्र चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरत होते.

संध्याकाळी तिने फळीवरून तोच पोचा पडलेला डबा काढला. बटाटा उकडला, लोणी घालून कुस्करला, आणि दोन माणसांना पोटभर होईल एवढं भरून डबा बाबांच्या मांडीवर ठेवला.

बाबांनी सावकाश अर्धा डबा संपवला. पूर्ण एका माणसाचं जेवण. मग झाकण लावलं, कोपऱ्यातल्या पोच्यावरून अंगठा फिरवला आणि डबा तिच्यापुढे धरला.

"घे," ते ओशाळून म्हणाले, "त्या दिवशी तुझा राहिला होता."