लेकीला बघायला जाणारे आप्पा

आप्पा लेकीला बघायला निघाले की न्हावऱ्याच्या एसटी स्टँडवर सगळ्यांना कळायचं. एरवी डोक्याला कसलंही फडकं गुंडाळणारा हा माणूस त्या दिवशी धुतलेला फेटा बांधायचा, घोंगडी झटकून खांद्यावर टाकायचा. कुणी विचारलं, तर उत्तर ठरलेलं, "लेकीला बघून येतो जरा." कधी तळेगाव ढमढेऱ्याला, कधी केडगावला, कधी शिरूरच्या पलीकडे कुठल्या तरी जत्रेला. मी नुकतंच गावात व्हिडिओ कॅसेटचं दुकान टाकलं होतं. मला वाटायचं, आप्पांना बऱ्याच मुली असाव्यात आणि सगळ्या वेगवेगळ्या गावांत दिलेल्या असाव्यात.

तळेगावच्या जत्रेत मला खरा प्रकार कळला. तिथं फिरत्या सिनेमाचा तंबू लागला होता आणि एक जुना घरगुती चित्रपट चालू होता. मोठ्या घरातली भावंडं, त्यांची आई, आणि सगळ्यांनी मिळून म्हटलेली गाणी. त्यातलं एक गाणं आमच्या घोड नदीत घेतलेलं, म्हणून आमच्या भागात तो दरवर्षी कुठं ना कुठं लागायचाच. भावंडं बैलगाडीत बसून गातात आणि मागून मेंढरांचा कळप नदी ओलांडतो. ते गाणं संपलं, तसा माझ्या पुढचा एक म्हातारा उठला आणि वाट काढत तंबूबाहेर गेला. फेट्यावरून मी ओळखलं आणि मागोमाग गेलो. आप्पा गोडीशेव बांधून घेत होते.

"आप्पा, सिनेमा अजून अर्धा राहिलाय की!"

"ऱ्हाऊ दे. आपली भेट झाली."

"कुणाची भेट?"

"झुंबरीची. लेकीची माझ्या."

परतीच्या गाडीत त्यांनी सगळं सांगितलं. आप्पा जातीचे मेंढपाळ. पूर्वी दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचे. एका वर्षी निघण्याआधी त्यांचा तळ नदीकाठी पडला होता. सिनेमावाले आले, त्यांना गाण्यात मेंढरं हवी होती. आप्पांना त्यांनी कळपाच्या पुढं चालायला लावलं. मागून घोडी, कोकरं आणि बायकापोरं येत होती. त्याच खेपेला घाट उतरताना झुंबरीला ताप भरला आणि दोन रात्रींत पोर गेली. पाच-सहा वर्षांची असेल. रस्त्याच्या कडेला तिला माती दिली आणि कळप पुढं काढला. "मेंढरं थांबत्यात व्हय?" आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "रडायचं ते चालता चालताच."

झुंबरीचा फोटो असण्याचा प्रश्नच नव्हता. पण पुढं तो सिनेमा शिरूरला लागला, आप्पा बघायला गेले, आणि त्या गाण्यात कळपाच्या मागं एक पोरगी दिसली. काखेत कोकरू, अंगात परकर-पोलकं. ती एकदा मागं वळून हसायची आणि गाडीआड जायची. तेवढंच. आप्पा तंबूत उभे राहिले होते म्हणे. लोकांनी ओरडून खाली बसवलं.

तेव्हापासून हा शिरस्ता. लोक हसायचे, त्यांना वाटायचं म्हातारा पडद्यावर स्वतःलाच बघायला जातो. आप्पा कुणाचा गैरसमज दूर करत नसत. सिनेमाची गोष्ट काय, भावंडांचं पुढं काय होतं, त्यांना काहीच माहीत नव्हतं. घरी आले की गोडीशेवेचा पुडा बायकोच्या हातात द्यायचे, लेकीच्या सासरहून आलेला खाऊ द्यावा तसा, आणि सांगायचे, "बरी हाय. हसत व्हती." आजी पुडा घ्यायच्या, फडताळात ठेवायच्या आणि चुलीकडं वळायच्या. त्या स्वतः एकदाही सिनेमाला गेल्या नाहीत. आग्रह झाला तर म्हणायच्या, "मला न्हाई त्या अंधारात बसवत."

मी आप्पांना ओळखायला लागलो तेव्हा त्यांची मेंढरं कधीच विकून झाली होती. कॅनॉलच्या पाण्यावर थोडा ऊस, थोडा कांदा, दारात दोन शेळ्या. पण अंगातली वाट गेली नव्हती. भिंतीच्या आत त्यांना झोप लागत नसे. बारा महिने अंगणात बाज. गावातून चालताना मधेच थांबून मागं बघायची सवय होती. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कळपातलं कोण मागं ऱ्हायलं ते मेंढरू सांगत न्हाई. आपणच बघावं लागतं."

मग तंबू यायचे बंद झाले. घरोघरी टीव्ही आले, जत्रेत सिनेमाऐवजी ऑर्केस्ट्रा यायला लागला. एक हंगाम आप्पा नुसतेच जत्रांतून फिरून आले. आणि एका बाजारच्या दिवशी माझ्या दुकानात येऊन उभे राहिले. "दुकानदार, ते गाणं तुझ्या डब्यात सापडंल का?"

दौंडला एक कॅसेट लायब्ररी मोडीत निघाली होती, तिथून मी तो सिनेमा आणला. तेव्हापासून दर बाजाराला आप्पा यायचे, स्टुलावर बसायचे आणि म्हणायचे, "बोलीव रं तिला." मी कॅसेट पळवून गाण्यावर आणायचो. ते बघून झालं, की आप्पा लगेच उठायचे.

पुन्हा पुन्हा तीच जागा फिरवली की फीत तिथंच झिजते. आधी रंग गेले, मग आडव्या पांढऱ्या रेघा यायला लागल्या, मग चित्र थरथरायला लागलं. शेवटी शेवटी पोरीच्या जागी एक हलता डाग तेवढा उरला. मी म्हणालो, "आप्पा, डोळे तपासून घ्या एकदा." ते म्हणाले, "डोळे नीट हायत माझे. तीच आजारी दिसती." मी हसलो. ते हसले नाहीत.

तोवर लग्नाच्या शूटिंगचं काम वाढलं म्हणून मी कॉम्प्युटर घेतला होता. जुनं चित्र त्यात घालून साफ करता येतं, हे मला पुण्यातल्या एका मित्राने शिकवलं. पण झिजलेल्या कॅसेटमधून काय निघणार? चौकशी करत करत मी दौंडला फिरत्या तंबूच्या मालकापर्यंत पोचलो. रेल्वे लाइनीच्या मागं त्यांची पत्र्याची शेड होती. रिळांचे डबे उघडले तर आंबूस वास. काही रिळं चिकटून त्यांचा गोळा झाला होता. नदीच्या गाण्याचं रीळ मात्र शाबूत निघालं. फक्त रंग उडून सगळं तांबूस झालेलं.

"याच पिच्चरवर माझ्या बापानं घर बांधलं," मालक म्हणाले. "बाहेर न्यायचं न्हाई. इथं बसून काय करायचं ते कर."

त्यांचंच जुनं मशीन चालू केलं, भिंतीला पांढरं कापड ताणलं आणि कापडावर पडणारं चित्र मी लग्नाच्या कॅमेऱ्याने टिपायला लागलो. मालगाडी गेली की शेड हादरायची, चित्र हलायचं, की पुन्हा पहिल्यापासून. मलमलच्या फडक्याने रीळ पुसून घेतलं, तरी धूळ राहायचीच. आप्पा एकदा सोबत आले, पण आत येईनात. शेडकडं पाठ करून बाहेर दगडावर बसून राहिले. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, "पोरीची वेणीफणी चाललीया. आपण कशाला मधी?"

तो सगळा हिवाळा, दोन लग्नांच्या मधे जो वेळ मिळेल त्यात, मी ते गाणं साफ करत होतो. पावसाच्या धारांसारख्या उभ्या रेघा एकेक करून पुसल्या. तांबूसपणा काढला, तेव्हा नदीचं पाणी हिरवट दिसायला लागलं, बैलांच्या शिंगांचे गोंडे दिसायला लागले. पोरीचा चेहरा वर आला, तेव्हा मी खुर्चीतून उठून बायकोला हाक मारली होती. इतका आनंद मला माझ्या कुठल्याही कामाचा झाला नाही.

सीडी आणि प्लेअर घेऊन मी एका दुपारी आप्पांच्या वस्तीवर गेलो. त्यांनी फेटा बांधला होता. आजी ओसरीवर कांदे निवडत होत्या.

"आज तरी बस," आप्पा त्यांना म्हणाले. "आज घरी आलीया ती."

"माझं काम पडलंय."

"काम उद्या पळून जातंय का? ये की."

आजी आल्या आणि दाराला टेकून बसल्या. मी गाणं लावलं. बैलगाडी आली, भावंडं गायला लागली, कळप पाण्यात उतरला. पुढं तरुण आप्पा चालत होते, उंच, काटक. आप्पांनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. पोरगी आली, वळली, हसली. तिथं मी चित्र थांबवलं. तंबूत किंवा कॅसेटवर असं कधी स्वच्छ थांबवता आलं नव्हतं. आप्पा सरकत सरकत टीव्हीजवळ गेले आणि बघत राहिले. बराच वेळ झाला. मी त्यांच्या तोंडावर हसू येण्याची वाट बघत होतो.

"पायात चपला हायत," आप्पा म्हणाले.

मी बघितलं. पट्ट्याच्या चपला होत्या. केसांना चाप होता.

"आन् कोकरू बघ कसं धरलंय. गळ्याला धरलंय. आमचं पोर आसं धरतंय व्हय?" त्यांनी बोट काचेवर टेकवलं आणि काढून घेतलं. "हिनं कवा कोकरूच धरलं न्हाई. ही शिनेमावाल्यांची पोर हाय. आपली न्हाई ही."

आप्पा मागं वळले. आजी मान खाली घालून बसल्या होत्या, आणि त्यावरूनच आप्पांना कळलं असावं.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"पहिल्यापासनं." आजी हळू आवाजात बोलत होत्या. "त्या दिशी झुंबरीचा कान ठणकत व्हता. तेल कोमट करून घातलं, तवा माझ्या मांडीवर निजली. ती नदीत उतरलीच न्हाई. तुम्ही पुढं व्हता, तुमाला काय म्हाईत."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही शिरूरवरनं पळत आला व्हता. दम लागला व्हता. झुंबरी हसती, झुंबरी हसती, म्हणून सांगत व्हता. ती गेल्यापासनं पहिल्यांदा तुमच्या तोंडाला तेज दिसलं. मी काय बोलू?"

मी टीव्ही बंद केला. बाहेर शेळी ओरडत होती, पण कुणी उठलं नाही. मग आप्पांनी मला विचारलं, "दुकानदार, हे माघारी पहिल्यासारखं करता यील का? अंधुक?"

"जुनी कॅसेट आहे आप्पा दुकानात. तशीच आहे."

त्यांनी विचार केला आणि मान हलवली. "ऱ्हाऊ दे. आता तीबी चपला घालूनच दिसंल."

त्यानंतर आप्पा कुठं गेले नाहीत. बाजारालाही येईनात. खाणं कमी झालं, बोलणं त्याहून कमी. मी अधूनमधून वस्तीवर जायचो. माझ्याशी ते पूर्वीसारखेच वागत, चहा ठेवायला सांगत, पण गाण्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. संध्याकाळी ते अंगणातल्या बाजेवर पडलेले असत, आजी पायाशी बसलेल्या. दोघांत तेव्हा एक नवीन गोष्ट सुरू झाली होती. आप्पा डोळे मिटून म्हणायचे, "सांग की, कशी व्हती." आणि आजी सांगायच्या. रंग सावळा, कपाळ तुमच्यावाणी. रागावली की घोडीच्या पोटाखाली जाऊन बसायची. भाकरीचा पापुद्रा आधी खायची. एवढ्या वर्षांत त्या घरात तिच्याविषयी एवढं बोलणं पहिल्यांदाच होत होतं. आप्पा मधेच विचारायचे, "म्होरला दात किडका व्हता का गं एक?" आजी म्हणायच्या, "व्हय."

उन्हाळा सरता सरता आप्पा गेले. अंगणात बाजेवरच, झोपेत.

दहावा झाल्यावर पाहुणे पांगले, तेव्हा मी आजींजवळ थोडा वेळ बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "आजी, झुंबरीचं तुम्हाला किती बारीकसारीक आठवतं."

आजींनी माझ्याकडं बघितलं. "काय बी आठवत न्हाई, बाळा. कान ठणकत व्हता आन् मांडीला तिच्या डोक्याची ऊब लागत व्हती, तेवढंच. तोंड तर कवाच गेलं. किती सालं झाली."

"मग ते कपाळ? आणि घोडी?"

"रोज कायतरी नवं सांगायची मी. त्यानला ऐकायचं व्हतं ना." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "त्यानलाबी कळत आसंल. एकदा किडका दात म्होरला म्हणाले, एकदा दाढ म्हणाले. मी दोन्ही बारीला व्हय म्हणलं. तरी इचारायचं थांबले न्हाईत."

एवढं बोलून त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि शेळ्यांना पाणी दाखवायला गेल्या.