पोटात स्पीकर असलेली गिटार

दादाची गिटार जपानी होती. बोटीवर नोकरीला असलेल्या त्याच्या मित्राने ती तिकडच्या कुठल्याशा बंदरातून आणली होती, आणि नोकरी सोडून गावी निघताना दादाला देऊन टाकली. तशी गिटार नाशकात दुसऱ्या कुणाकडे आम्ही पाहिली नाही. इलेक्ट्रिक गिटारला अॅम्प्लिफायर बाहेरून जोडावा लागतो. हिच्या तो पोटातच होता. तारांशेजारी जाळीमागे छोटा स्पीकर, पाठीवरच्या झाकणाखाली बॅटऱ्या. खटका दाबला की झालं. वीज नसलेल्या वस्तीवरही ती वाजायची, म्हणून दादाचा तिच्यावर भारी जीव.

दादा कचेरीत कारकून. सुटीला आम्ही कॉलनीतली मंडळी मिळून गावोगावी भीमगीतांचे कार्यक्रम करायचो. मी कोरसमध्ये. गिटार घरी दादाकडून शिकत होते, पण लोकांसमोर कधी वाजवली नव्हती.

पंच्याऐंशी सालची गोष्ट. त्या वर्षी रेडिओत लपवलेल्या बॉम्बच्या बातम्या पेपरात येत होत्या. बेवारस वस्तूला हात लावू नका, असं एसटी स्टँडवर सारखं सांगायचे. चांदवडजवळच्या एका गावात आमचा कार्यक्रम होता. बाकीचे पुढे गेले होते, आम्ही दोघं मागून एसटीने निघालो. गिटारीला पेटी नव्हती. गर्दीत दांडीला धक्का लागू नये म्हणून दादाने स्क्रू काढून ती वेगळी केली, स्क्रू आणि पेचकसासकट माझ्या पिशवीत दिली, आणि उरलेलं धड चादरीत गुंडाळून सीटखाली सरकवलं.

पिंपळगाव मागे पडलं आणि खड्ड्यात गाडी आदळली. खटका दाबला गेला असावा. सीटखालून घूंऽऽ असा आवाज सुरू झाला.

शेजारच्या माणसाने वाकून चादर उचलली. जाळी, खटके, लोंबणाऱ्या तारा. तो ओरडतच उठला. क्षणात गाडी थांबली, माणसं एकमेकांवर पडत खाली उतरली. आम्हीही ढकलले गेलो.

"आमचं आहे ते," दादा म्हणाला. "गिटार आहे."

"गिटारीला दांडी नसती का?" कंडक्टर म्हणाला. "अन् आपोआप कशी वाजती?"

दादाला घाबरलं की बोलता येत नसे. बॅटरी, बॅटरी, एवढंच तो म्हणत राहिला. तो शब्द ऐकून लोक आणखी मागे सरले. दोघांनी त्याचे दंड धरले.

"कुठले रे तुम्ही? कोणत्या वस्तीतले?" एकाने विचारलं. एका माणसाने बांधावरचा दगड उचलला होता. तो दगड गाडीसाठी होता की दादासाठी, मला कळेना.

मी पिशवीतून दांडी काढून वर धरली. "ही बघा दांडी. मी आत जाऊन जोडते. तुम्ही लांब थांबा."

"पोरी, जाऊ नको," एक म्हातारी म्हणाली.

रिकाम्या गाडीत तो आवाज फार मोठा वाटत होता. मी आधी खटका बंद केला. बाहेर एकदम शांतता झाली. एक स्क्रू हातातून निसटला, सीटखाली गेला. बाकीचे कसेबसे पिळले. सगळ्या तारा लावायला धीर नव्हता. एकच जाड तार खुंटीला गुंडाळून ताणली, खटका दाबला आणि आमच्या कार्यक्रमातल्या एका गाण्याची पहिली ओळ त्या एका तारेवर वाजवली. सूर उतरलेलाच होता. मग खिडकीशी येऊन पुन्हा वाजवली, सगळ्यांना दिसेल अशी.

कुणीतरी हसलं. कंडक्टर दारात आला, जाळीला बोट लावून म्हणाला, "लय अजब वस्तू हाय." दादाचे दंड सुटले. दगड धरणाऱ्याने तो खाली टाकला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. दादाची माफी कुणी मागितली नाही. ती म्हातारी मात्र माझ्याशेजारी येऊन बसली आणि चांदवड येईपर्यंत माझा हात हातात घेऊन होती.

दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. दादाने नीट तारा लावल्या, सूर मिळवले, पण पहिल्याच गाण्याला त्याची बोटं थांबली. दंडावर वळ उठले होते.

"मला जमत नाही आज," तो माझ्या कानाशी म्हणाला. "तू घे."

मी गिटार गळ्यात घातली. दादा कोरसमध्ये माझ्या जागेवर जाऊन उभा राहिला. दुसऱ्या कडव्याला त्याचा आवाज इतरांत मिसळलेला मला ऐकू आला.