तुपाला नाही म्हटलं तेव्हा

आमच्या कळंबकडच्या गावात त्या काळी अंगानं भरलेली सून ही घराची शोभा समजत. सासूबाईंना तर माझ्या अंगाचा अभिमानच होता. आल्यागेल्याला त्या सांगायच्या, "आली तवा काडी होती. आता पाहा." चौथ्या बाळंतपणानंतर मात्र मला जिना चढवेना. डोकं ठणकायचं, चुलीपुढून उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. शेवटी यजमान मला एस.टी.नं यवतमाळला घेऊन गेले.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा आवळला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला. मग विचारलं, "घरात कुणाला असा त्रास होता?"

मी आईचं सांगितलं. चूल पेटवता पेटवता ती कोसळली होती. लकव्यानं तिचं उजवं अंग गेलं आणि पुढची सगळी वर्षं बाजेवर गेली. त्या वेळी ती जवळपास माझ्याच वयाची होती.

डॉक्टर यजमानांकडे वळून बोलू लागले. "गोळ्या देतो, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. यांचं वजन उतरवा. मीठ तोडा. तूप-तेल कमी करा. रोज चालायला लावा."

यजमान मान हलवत होते. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मले सांगा. बिमारी मले हाय."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून मला सांगितलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी ते ऐकून घेतलं आणि त्याच संध्याकाळी माझ्या भातावर नेहमीसारखी तेलाची धार सोडली. मी ताट सरकवलं, दुसरं घेतलं आणि माझं मीच वाढून घेतलं. भाकर, अंबाडीची भाजी, ताक. लोणचं नाही, पापड नाही.

"घरात काय कमी हाय म्हनून अशी जेवतेस?" त्या म्हणाल्या. "तू वाळली तं लोक मले बोलतीन."

"बोलू द्या, आत्याबाई."

मी त्यांना असं कधी बोलले नव्हते.  

भूक फार वाईट असते. पहिले काही आठवडे फोडणीचा वास आला की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. सासूबाई वरणात गुपचूप तूप कालवायच्या. ते कळलं तेव्हा मी वरणच सोडलं.

सकाळी मी शेतात पायी जाऊ लागले. शेत कोसभर लांब होतं आणि आमच्या घरच्या बायका दमणीत, आमच्या छोट्या बैलगाडीत, बसूनच जात. वाटेत तांड्यावरच्या बाया मोळ्या घेऊन बाजाराला निघालेल्या भेटायच्या. एकीनं विचारलं, "बाई, दमणी इकली का?"

"नाई. अंग उतरवून राह्यली."

हसता हसता त्यांच्या डोक्यावरच्या मोळ्या हलल्या. अंग उतरवायला कोणी चालतं, हे त्यांना खरंच वाटेना.

गावात मात्र कोणी हसलं नाही. नवऱ्यानं हिला टाकली, असं काहीजण म्हणत. हिला बाहेरचं लागलं, असंही कोणी म्हणे. यजमान एक दिवस म्हणाले, "निदान येशीबाहेर जायपर्यंत तरी दमणीत बसत जा. लोक काय बोलून राह्यले, ऐकलं का?"

"ऐकलं. मले लकवा मारला तं हे लोक माह्यी बाज उचलाले येतीन काय?"

 त्यानंतर दमणीत बसायला त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.

खरा प्रसंग आला तो उमरखेडला, नणंदेच्या मुलीच्या लग्नात. बायकांची पंगत बसली होती. सासूबाईंची बहीण तुपाचं भांडं घेऊन वाढत आली. मी पत्रावळीवर आडवा हात धरला. तिनं तूप माझ्या हातावरच ओतलं. गरम तूप बोटांतून पुरणपोळीवर गळू लागलं.

"सासरी खाऊ घालत नाईत वाटते तुले," ती मोठ्यानं म्हणाली.

समोरच्या ओळीत सासूबाई बसल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला.

मी पंगतीतून उठले. भरल्या पानावरून उठणं म्हणजे लग्नघराचा अपमान, हे मला माहीत होतं. "माह्या सासूनं मले एक दिवस उपाशी ठेवलं नाई," मी म्हटलं. "मीच कमी खाऊन राह्यली. माह्यी आई बाजेवर पडून मेली. तिले घास मी भरवत होती. माह्या पोरीवर ते पाळी मले आनाची नाई."

हात धुतला, परत आले, दुसरी पत्रावळ मागून घेतली आणि बिनतुपाचा वरण-भात अगदी सावकाश जेवले. सगळ्या बायका बघत होत्या. बघू दिलं.

 घरी परतल्यावर सासूबाईंनी माझ्या ताटात पुन्हा चोरून तूप घातलं नाही. "तू जाने, तुह्यं पोट जाने," एवढंच म्हणत.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत माझ्या चोळ्या ढगळ झाल्या. डॉक्टरांनी पट्टा आवळून पाहिलं आणि म्हणाले, दाब उतरलाय. सगळा नाही, पण पुष्कळ. गोळी चालू ठेवा, आणि चालणंही सोडू नका.

सासूबाईंना माझं वागणं अखेरपर्यंत पटलं नाही. एका चतुर्थीला आम्ही दोघी कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो होतो. ते देऊळ खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. परत चढताना त्या मध्येच थांबल्या, धापा टाकू लागल्या. मी दोन पायऱ्या उतरून त्यांचा हात धरला.

"हळू चाल," त्या म्हणाल्या. "मी काई तुह्यावानी वाळली नाई."

मी हळू चालले. हात मात्र त्यांनी वरपर्यंत सोडला नाही.