एक घंटी म्हणजे डोळे मिटा

सकाळी ताजंतवानं कसं उठावं हे जगाला शिकवणारा माणूस स्वतः सकाळी काय करतो, ते त्याच्या बायकोला विचारावं. त्याची बायको बसची ड्रायव्हरीण. तिला कुणी विचारलं नाही, तिथंच सगळी बोंब झाली.

ड्रायव्हरीण शहराची पहिली बस चालवायची. अंधारात डेपोत जायचं, टायरला लाथ घालून हवा बघायची, ब्रेक दाबून बघायचा, आरसा फडक्यानं पुसायचा आणि निघायचं. ही नोकरी तिनं भांडून मिळवली होती. 'बाईच्या हातात एवढं धूड?' म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून तिनं इतकी वर्षं गाडी चालवली, पण गाडीला साधा ओरखडा नाही. स्टिअरिंगवर बसलं की आपण कुणीतरी आहोत, असं तिला वाटायचं. घरात तसं कधी वाटलं नाही.

घरात नवरा होता. त्याचं चपलांचं दुकान होतं, ते बुडालं. बुडेल नाही तर काय? गिऱ्हाईक येऊन परत जायचं तेव्हा हे महाराज अंथरुणात लोळत असायचे. दुकान गेल्यावर हातात मोबाईल उरला. त्यात बघून बघून त्याला साक्षात्कार झाला की लोकांना उठताच येत नाही! मग बिल्डिंगच्या गच्चीवर संध्याकाळचे वर्ग सुरू झाले. झोपताना मोबाईल खोलीबाहेर ठेवा. खिडकी उघडी ठेवा. उठल्याबरोबर चहा नको, कोमट पाणी प्या. आणि शेवटी हात वर करून, "सकाळी ताजा उठलेल्या माणसाला वाट आपोआप सुचते!" लोकही माना डोलवायचे. आंधळ्यांची माळ नुसती!

त्याचा स्वतःचा शोध म्हणजे घंटी. "गजरानं छातीत धडकी भरते," तो म्हणायचा, "घंटीनं मन हळूहळू जागं होतं." एक घंटी वाजली की डोळे मिटून, सगळं अंग सैल सोडून लांब श्वास घ्यायचा. दोन वाजल्या की डोळे उघडून उठून बसायचं. रोज पहाटे उशीखालचा मोबाईल थरथरला की तो पडल्या पडल्या उशीजवळची पितळी घंटी हलवायचा. ड्रायव्हरीण श्वास घ्यायची, उठायची, आणि तिचे पाय जमिनीला टेकायच्या आत नवरोबा कूस बदलून घोरायला लागलेले असायचे. रात्रभर घोरून पोट भरलं नव्हतं ना!

तिनं हे ऐकून का घेतलं? सुरुवातीला खरंच आशा होती. त्या घोरण्यापायी तिची झोप कधी पुरी होत नव्हती, वाटलं, बघू या, झालाच तर फायदा. पुढं पुढं नाही म्हणायचं तर तासभर व्याख्यान ऐकावं लागायचं. भिंतीवर डोकं आपटण्यापेक्षा श्वास घेतलेला बरा. शिवाय संध्याकाळी गच्चीवर तिलाच पुढं बसवून तो नमुना म्हणून दाखवायचा. टण. "बघा कसे मिटले डोळे! बघा खांदे कसे पडले!" कामावरून आलेली बाई तिथं माकडासारखी बसायची आणि लोक टाळ्या वाजवायचे.

आता बसमधली घंटी. कंडक्टरबाई मागून दोरी ओढते. दोन वाजल्या की निघायचं, एक वाजली की थांबायचं. ड्रायव्हरला मागं बघावं लागत नाही, कानावर गाडी चालते. इतके दिवस घरची घंटी घरात आणि गाडीची गाडीत राहिली होती.

त्या दिवशी दवाखान्याचा थांबा जवळ आला. थांब्यावर एकच म्हातारे आजोबा काठी टेकून उभे होते. ते तिला स्पष्ट दिसले. मागून दोरी ओढली गेली. टण.

ड्रायव्हरिणीचे डोळे मिटले. खांदे पडले. ब्रेकवरचा पाय सैल झाला. छाती भरून छान लांब श्वास आत आला.

"अगं ए! ब्रेक! ब्रेक!" कंडक्टरबाई किंचाळली.

तिनं ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली, तोवर पुढचं चाक फुटपाथवर चढलं होतं आणि थांब्याचा खांब आडवा झाला होता. आजोबा खाली बसले होते. त्यांना खरचटलंही नव्हतं. काठीचे मात्र चाकाखाली दोन तुकडे झाले होते आणि ते सारखं म्हणत होते, "माझी काठी... अहो, माझी काठी..." ड्रायव्हरिणीनं खाली उतरून त्यांना हात दिला.

"झोप लागली होती का गं तुला?" कंडक्टरबाईनं विचारलं.

"नाही. टक्क जागी होते."

डेपोत साहेबांनी दार लावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. "डुलकी लागली म्हणा," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत पहिलीच चूक. ताकीद देतो आणि विषय मिटवतो."

हो म्हणायचा अवकाश होता. पण तिला ते काठीचे तुकडे दिसत होते.

"डुलकी नव्हती, साहेब. एक घंटी वाजली की माझे डोळे मिटतात. घरात तशी सवय लावलीय मला."

साहेबांना आधी हसू आलं, मग ते मावळलं. "म्हणजे पुन्हा मिटतील?"

"नाही मिटणार, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही."

"मग मी तुम्हाला गाडी कशी देऊ, बाई?"

तिनं बिल्ला काढून टेबलावर ठेवला. पुढचं काही कळेपर्यंत घरी बसायचं, पगार बंद. डेपोच्या फाटकाबाहेर आल्यावर ती रडली, रागानं रडली.

घरी आली तर हे महाशय चहा पीत बसलेले! कोमट पाणी दुसऱ्यांसाठी. तिनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा असा फुलला की तिला वाटलं, कपबशी उचलून डोक्यात घालावी.

"म्हणजे सवय लागली!" मांडीवर थाप मारून तो म्हणाला. "नुसत्या आवाजानं डोळे मिटले? अगं, पद्धत किती खोल गेलीय बघ! आज गच्चीवर हे सांगायलाच पाहिजे."

"अहो, माणूस मेला असता!"

"मेला नाही ना?"

"आणि माझी नोकरी? घर कसं चालायचं?"

"सुचेल गं. सकाळी ताजा उठलेल्या माणसाला वाट आपोआप सुचते."

संध्याकाळी तो खरंच गच्चीवर गेला आणि त्यानं ते सांगितलं. जिन्यापर्यंत टाळ्या ऐकू आल्या. ड्रायव्हरीण जिन्यात उभी राहून ऐकत होती. ती वर गेली नाही. आत येऊन भांडी घासली आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसच्या वेळेला तिला आपली आपणच जाग आली. खिडकीबाहेर अंधार होता. शेजारी तोंड उघडं टाकून घोरणं चाललं होतं. ती उठली, पलंगाला वळसा घालून त्याच्या बाजूला गेली, उशीजवळची घंटी उचलली आणि त्याच्या कानाशी धरून दणादणा वाजवली. एक नाही, दोन नाही, हात दुखेपर्यंत.

तो धडपडत उठून बसला. "काय झालं? आग लागली का?"

"ऊठ," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून तिनं त्याला अहो-जाहोच केलं होतं. "ऊठ आणि कामाला जा."

"काम? कुठलं काम?"

"मिळेल ते. माझं तू घालवलंस, आता तू शोध."

"अगं पण... इतक्या अंधारात जाऊ कुठं?"

"सुचेल की. ताजा उठलायस ना?"

तिनं त्याचं पांघरूण ओढून घेतलं, घंटी स्वतःच्या उशीखाली घातली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. मग अंधारात त्यानं चपला शोधल्या, एकदा खोकून बघितलं, दार उघडलं. दार लागल्याचा आवाज तिनं ऐकलाच नाही. कित्येक वर्षांनी त्या खोलीत कुणी घोरत नव्हतं, आणि ती गाढ झोपली होती.