तुझ्या वाट्याची आंघोळ

माझी नात इंदूरच्या विजय नगरमधल्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर लोळत फोनवरून जेवण मागवते आणि मधेच ओरडते, "आजी, अंडा व्हेज होता है ना? मम्मी नाही म्हणते!" तिच्या मराठीत हिंदी किती हे मोजायचं मी केव्हाच सोडून दिलंय. पण या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. "नाही," मी म्हणते, "अंडं व्हेज नसतं. पण मी खाल्लंय. माझ्या आत्याच्या हातचं." ती डोळे मोठे करते, तेवढ्यात खालून जेवण आल्याची घंटी वाजते आणि माझी गोष्ट माझ्यापाशीच राहते.

ती गोष्ट मध्य भारत नावाचं राज्य होतं त्या दिवसांतली. होळकरांचं राज्य जाऊन नवं सरकार आलं होतं आणि त्या सरकारला एक राजधानी पुरत नव्हती. उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. माझे वडील सचिवालयात कारकून. दिवाळी आटोपली की फायलींच्या पेट्यांबरोबर तेही ग्वाल्हेरला जात आणि उन्हं तापू लागली की परत येत. थंडी पडली की आणखी थंड गावी जाणारं सरकार आपण दुसरं पाहिलं नाही, असं आई म्हणायची. तर हिवाळाभर राजवाड्यामागच्या आमच्या भाड्याच्या घरात आम्ही तिघीच असायचो. आई, आत्या आणि मी.

आत्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. घर भावाचं, भांडी वहिनीची, पोर त्यांची. तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे सोवळं. पहाटे आंघोळ करून धाबळी नेसून ती स्वयंपाकघरात शिरली की तिथली ती राणी. आईसुद्धा उंबऱ्याबाहेरून विचारायची, "वन्सं, मीठ घेऊ का?" मला तिथे शिरायला बंदी होती, पण दुपारी जेवणं झाली आणि धाबळी दांडीवर गेली की आत्या माझी असायची. मी निजायची तिच्याच कुशीत. तिच्या अंगाला तुपाचा आणि चुलीच्या धुराचा वास यायचा. आजही कुठे चूल पेटलेली दिसली की मला झोप येते, इतका तो वास अंगात मुरलाय.

शेजारी मराठा कुटुंब होतं. काका होळकरांच्या फौजेत होते, काकूंनी अंगणात कोंबड्या पाळलेल्या. मधली भिंत कमरेएवढी. एखादी कोंबडी उडी मारून आमच्याकडे आली की आत्या झाडू घेऊन धावायची आणि ती जिथे जिथे फिरली तिथे तिथे पाणी शिंपडायची. काकू भिंतीवर कोपर टेकून हसायच्या, "अहो ताई, आता तुमचं अंगण पाक झालं, कोंबडीला पण नहलवून पाठवू का?"

त्या हिवाळ्यात मला मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण माझी पार काडी झाली. छातीत घरघर राहिली. उठून बसवलं की मान कलायची. डॉक्टर आले, नाडी धरली आणि आईला दाराशी घेऊन गेले. पण त्यांचा आवाज दणदणीत. मला सगळं ऐकू आलं.

"सीधी बात सांगतो, बाई. पोरीच्या अंगात काही उरलेलं नाही. रोज एक अंडं द्या. आणि आंघोळ एकदम बंद. फिरून थंडी बसली ना, तर मग माझ्या हातात काही नाही."

आईचा चेहरा उतरला. "डॉक्टरसाहेब, दुसरं काही? बदाम, खारीक..."

"बदाम पचायला ताकत लागते. हे पहा, कोंबडा नसला की त्या अंड्यात जीवच नसतो. फळच समजा."

आईला तेवढा आधार पुरला असता. पण अंडं येणार काकूंकडून, आणि काकूंचा लाल तुऱ्याचा कोंबडा रोज पहाटे आत्याच्या आंघोळीच्या आधी सगळी गल्ली उठवायचा. त्याला नाही म्हणणार कसं? आत्या आतून एवढंच म्हणाली, "वहिनी, अंडं ते अंडंच. त्याला उगाच फळ म्हणू नका." आणि ताटं घ्यायला लागली.

आईनं पदर खोचला आणि संध्याकाळी काकूंनी उकडून दिलेलं अंडं वाटीत झाकून आणलं. मी तोंड मिटून घेतलं. आईनं आधी समजावलं, मग रागावली, मग रडली. काकूही आल्या. "खा गं बेटा, दोन दिवसांत एकदम चंगी होशील." मी भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. अंड्याचा वास वाईट होताच, पण मी काही वासापायी अडून बसले नव्हते. अखेर आईनं मला हलवून हलवून विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं.

"अंडं खाल्लं तर आत्या जवळ घेणार नाही. आणि मला तर आंघोळ पण बंद आहे."

अंगणातनं कोंबडी गेली तर ती पाणी शिंपडते, मग माझ्या पोटात अंडं गेल्यावर काय करेल? माझा हिशेब सरळ होता. विटाळ झाला की आंघोळ करायची आणि मोकळं व्हायचं, एवढं मला कळत होतं. आंघोळच बंद म्हणजे मी कायमची बाहेर. स्वयंपाकघरात आत्यानं पळी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या धाबळी काढून, जुनेर नेसून अंगणात आली. शेगडी पेटवली. एक पोचा आलेलं पातेलं तिनं शोधून काढलं होतं, ते वर चढवलं. भिंतीपाशी जाऊन काकूंपुढे पदर पसरला आणि म्हणाली, "टाका." काकूंनी न हसता तिच्या पदरात अंडं ठेवलं. आत्यानं ते बटाट्यासारखं खसाखसा धुतलं, पाण्यात सोडलं आणि तोंड फिरवून बसली. बटाटा शिजला की सालीला तडा जातो, तसा याला जाईल म्हणून ती वाट बघत राहिली. पाणी आटलं, तिनं आणखी घातलं. मधे एकदा विणायच्या सुईनं टोचूनही पाहिलं, सुई आत जाईना. शेवटी काकूंनाच राहवेना. "अहो ताई, उतरवा आता! त्याचा दगड झाला असेल!"

दगडच झाला होता. आत पिवळ्याभोवती निळसर कडं. आत्यानं त्याच्या चार फोडी केल्या, पोह्यांवर घालतात ते मसाल्याचं जिरावण त्यांवर भरपूर भुरभुरलं, माझ्या उशाशी बसली आणि पहिली फोड स्वतःच्या बोटांनी माझ्या ओठांशी धरली.

"आत्या, तुला विटाळ होईल."

"झालाच आहे. आता खा."

"मग तू आंघोळ करशील. आणि मी?"

आत्यानं फोड तशीच ओठांशी धरून ठेवली. "तुला डॉक्टरनं बंदी केलीय ना? मग तुझ्या वाट्याची मी करीन. आधी माझी, मग तुझी. झालं?"

मला हे इतकं पटलं की मी तोंड उघडलं. चव आठवते ती फक्त जिरावणाची. फोडी संपल्या तशी ती न्हाणीघरात गेली. त्या वेळी बंब विझलेला असायचा आणि पौषातलं पाणी बर्फगार. मी पडल्या पडल्या ऐकत होते. भसाभसा तांबे ओतल्याचा आवाज आला, मग थांबला, आणि आतून आत्या ओरडली, "ही आता तुझी गं! गार लागतंय का?"

"हो! खूप!" मी पांघरुणातून ओरडले.

"दात वाजतायत का?"

"वाजतायत!"

ती हसली. तिचे खरोखरच वाजत होते, हे मला तिच्या हसण्यातून कळत होतं. केस पुसत ती आली आणि माझ्याशेजारी आडवी झाली. तिचे हात गार पडले होते. मी ते माझ्या पोटाशी धरून झोपले. थंडी सरेपर्यंत आमचा रोज हाच क्रम चालला. पुढे पुढे अंडं मऊ व्हायला लागलं आणि मी मोठ्या ऐटीनं विचारू लागले, "आज माझी नीट केलीस ना? कानामागे?"

उन्हं तापली, सरकार इंदुरात आलं, वडील आले. माझे गाल बघून त्यांचे डोळे भरले. बहिणीला म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नकोस. औषधाला कसला दोष?"

"दोष आहे, दादा," आत्या म्हणाली. "दोष नसता तर एवढ्या थंडीत मी कशाला न्हाले असते?" आणि पोचा आलेलं पातेलं तिनं काकूंना देऊन टाकलं.

पुढे माझं लग्न गावातच झालं. सासरी रविवारी ऑम्लेट व्हायचं. मी करून वाढायची, खायची मात्र नाही. सासूबाईंना वाटायचं माहेरचं सोवळं. मला मात्र आत्याच्या हातचं सोडून दुसरं नकोच होतं.

आणि मग एका हिवाळ्यात आईनं बोलावून घेतलं. आत्या अंथरुणाला खिळली होती, छाती भरून आलेली. डॉक्टरनं आंघोळ बंद केली होती. जन्मभर आंघोळीशिवाय तिच्या तोंडात पाणी गेलं नव्हतं, ते आता कसं जाईल? दोन दिवस तिनं दुधाला तोंड लावलं नव्हतं. आई वाटी घेऊन बसलेली, आत्याचं तोंड भिंतीकडे. ओठ अगदी घट्ट मिटलेले. मी ते ओळखलं.

मी पर्स ठेवली, दांडीवरचं तिचं जुनं लुगडं घेतलं आणि न्हाणीघरात गेले. बंब विझलेला होता. पहिला तांब्या डोक्यावर घेतला आणि श्वासच अडकला. इतकं गार पाणी असतं, हे मला आतापर्यंत माहीतच नव्हतं. आधी माझी केली. मग थांबले, आणि दाराशी तोंड नेऊन ओरडले, "आत्या, ही आता तुझी! गार लागतंय का गं?"

मी तांबे ओतत राहिले. मग खोलीतून बारीक, घोगरा आवाज आला.

"लागतंय. कानामागे नीट कर."

केस निथळत बाहेर आले तेव्हा तिनं तोंड माझ्याकडे वळवलं होतं. दूध प्यायली.