हंडीतल्या गारांचा पंचनामा

लग्न होऊन मी लोणारजवळच्या त्या खेड्यात आले, त्याच फाल्गुनात गारपीट झाली. अंगणात बांधलेल्या सासूबाईंच्या चारही शेळ्या तिच्यात मेल्या. दुसऱ्या दिवशी वास सुटायच्या आत सासऱ्यांनी त्या पुरल्या. सासूबाईंनी मात्र आदल्याच दिवशी लिंबाएवढ्या गारा वेचून हंडीत भरल्या होत्या आणि त्या टिकाव्यात म्हणून हंडी कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात खोल खुपसली होती.

"सायेब आला का दाखवाले पाह्यजे," त्या म्हणाल्या.

साहेब म्हणजे तलाठी. ते चौथ्या दिवशी सायकलवर आले.

"शेळ्या कुठं हायेत?"

"पुरल्या ना बाप्पा."

"पंचनाम्याच्या आधी काऊन पुरल्या?"

सासूबाईंनी हंडी आणून त्यांच्यापुढे ठेवली. आत नुसतं पाणी. तलाठी सज्जन होते. न पाहिलेलं लिहायचं नाही आणि पाहिलेलं सोडायचं नाही, असा त्यांचा नेम होता. त्यांनी हंडीत डोकावून लिहिलं, 'घरात पाणी आढळले.' दोन पंचांनी खाली अंगठे उठवले.

पुढे दोन महिन्यांनी तालुक्याहून कागद आला. घरात वाचता येणारी मी एकटीच, सातवी शिकलेली. मी मोठ्यानं वाचला : घरात पाणी शिरून भिंत पडल्याबद्दल मदत मंजूर, पडलेल्या भिंतीची पाहणी झाल्यावर रक्कम मिळेल.

"भिंत तं उभी हाये," सासूबाई म्हणाल्या.

मी तसा अर्ज लिहिला. भिंत उभी आहे, मेल्या त्या शेळ्या. उत्तर आलं : भिंत उभी असल्यास मदत देता येत नाही, शेळ्यांसाठी मृत शेळ्या समक्ष दाखवाव्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी लोखंडी सब्बल काढली आणि गोठ्याची चुलीकडची भिंत पाडायला घेतली. सासरे आडवे आले.

"माह्या हातची भिंत हाये ते! गारांनं पडली नाही, पाण्यानं पडली नाही."

"म्हून तं पाडा लागून राह्यली!"

सासूबाईंचे घाव वाकडेतिकडे बसत होते. ते सासऱ्यांना पाहवेना. शेवटी त्यांनीच सब्बल हातात घेतली, भिंत नीट उतरवली आणि दगड एका बाजूला रचून ठेवले. मी माती ओढली.

पाहणीला दुसरेच साहेब आले. 'पाण्यानं पडली' म्हणायचं, हे मी सासूबाईंकडून चारदा घोकवून घेतलं होतं.

"कशानं पडली?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्या कागदानं," सासूबाई म्हणाल्या.

साहेबांनी सासूबाईंकडे पाहिलं, मग दगडांच्या राशीकडे.

"पावसानं दगड मोठे झ्याक रचले, बाई."

"पावसानं नाही, मालकानं रचले."

साहेबांनी मान खाली घालून लिहिलं, 'भिंत पडली आहे.' ते गेल्यावर मला हसू आवरेना. नव्या सुनेनं सासऱ्यांसमोर हसायचं नसतं, म्हणून तोंडावर पदर धरला. पण सासूबाईच खो खो हसत खाली बसल्या, मग मीही बसले.

पैसे आले, ते दिवाळीच्या आधी. सासूबाईंनी लोणारच्या बाजारातून दोन शेळ्या आणल्या. भिंत काही सासऱ्यांनी बांधली नाही. "पुन्हा कोनी पाह्याले आलं तं?" म्हणायचे. पुढची दोन वर्षं शेळ्या त्या खिंडारातून थेट चुलीपाशी येत, आणि मी एका हातानं भाकर सांभाळत दुसऱ्या हातानं त्यांना हाकलत बसे.