हूं म्हणा!

पालमला आमच्या शेजारची बाई लय फटकळ. कापसातली सरकी काढायला सासूपासून पोरांपर्यंत सगळ्यांना बसवायची आणि गोष्ट सांगायची. गोष्ट ठरलेली. चिमणीचं घरटं पडतं, सगळं घर मिळून ते पुन्हा बांधतं. हुंकार मिळाल्याशिवाय ती पुढं सरकत नसे. "हूं म्हणा, न्हाई तर चिमणी बसली उपाशी!"

निजामाचे शेवटचे दिवस होते. तिच्या नवऱ्यावर वॉरंट निघालं होतं. जमादार शिपाई घेऊन दारात आला, तेव्हा नवरा कापसाच्या ढिगात दडलेला आणि मी तिथंच सरकी काढत बसलेली. तिनं गोष्ट थांबवली नाही.

"मग चिमणी काडी आणायला गेली."

भीतीनं कुणाच्याच तोंडून हुंकार फुटेना. सवयीनं ढिगातूनच जाड आवाज आला, "हूं."

जमादारानं मान वळवली.

"मेल्यांनो, घसे बसले का? मोठ्यानं म्हणा की!" ती खेकसली. आम्ही सगळेच ओरडलो. सासूनं तर लेकासारखाच जाड आवाज काढला.

जमादार तरीही उंबऱ्यावर टेकला. एरवी एकदाच पडणारं घरटं त्या दिवशी पडतच राहिलं. तो उठून गेल्यावरच तिनं ते पुरं होऊ दिलं.